कापसानं अडवलेलं घर

मारेगावचं आमचं घर कधी रिकामं नव्हतंच, असं काका आजही सांगत फिरतात. साफ खोटं. बाबा गेल्यावर मी आईला वणीला माझ्याकडे आणलं, घराला कुलूप लावलं आणि दारावर ‘घर विकणे आहे’ असा पत्र्याचा बोर्ड ठोकला. बाबांना मी एकटीच. घर आईच्या आणि माझ्या नावावर.

बाबांनी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये हमाली करून ते घर बांधलं आणि मला एम.ए. केलं. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. घर विकून वणीत आईच्या नावाचं छोटं घर घ्यायचं होतं. जावयाच्या घरी ताटावर बसताना तिला संकोच वाटायचा. दोनदा वाढून घ्यायची नाही.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं गाव मारेगावजवळच, शेती स्वतःची, घर दुमजली. दिवाळीनंतर, मी कॉलेजात शिकवायला गेले असताना आले आणि आईकडून किल्ली घेऊन गेले. “कापूस ठुतो वहिनी, समोरच्या खोलीत. भाव आला का नेतो.” संध्याकाळी कळलं तेव्हा मी चिडले, पण संशय आला नाही. आमच्याकडे लोक भाव येईपर्यंत कापसाच्या ढिगाशेजारी झोपतात, अंगाला खाज सुटली तरी.

मग कापूस राखायला त्यांचा मुलगा झोपू लागला. त्याला डबा कोण देणार, म्हणून सून आली. सुनेच्या मागोमाग गॅस, कूलर, नातू आणि शेवटी काका-काकूही. नातवाचं नाव मारेगावच्या इंग्रजी शाळेत घातल्याचं मला तिऱ्हाईताकडून कळलं. तेव्हा सगळं उमगलं. यांना कापूस ठेवायचा नव्हता, बिऱ्हाड करायचं होतं.

उन्हाळा लागता लागता कोळसा खाणीत नोकरीला असलेले एक गृहस्थ बायकोसह घर पाहायला आले. दार अर्धंच उघडलं, मागून कापूस रेटत होता. खिडकीच्या गजांपर्यंत ढीग. माझा बोर्ड पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवलेला. काका खर्रा चघळत बाहेर आले.

“कोन पाह्यजे?” मलाच विचारलं.

“काका, हे घर पाहायला आलेत.”

“मानसं राह्यतात अंदर, दिसत नाही काय?” मग पाहुण्यांकडे वळून, “भाऊबंदकीचं घर हाय साहेब. भावाले पोरगा नाही. लगन झालेल्या पोरीचं माहेरात काय ऱ्हायते? चोळी-बांगडी.”

“अन् कायदा?”

“कायदा तुह्या कालेजात शिकव. चार बुकं शिकली, अन् बापाच्या घराची दलाल झाली!”

गाडीत बसताना गृहस्थ म्हणाले, “मॅडम, घर पसंत आहे. पण रिकामं करून दाखवा. जूनमध्ये आम्हाला क्वार्टर सोडायचं आहे. नाही जमलं तर दुसरं पाहू.”

वकील म्हणाला, दावा लावा, पण वर्षं जातील. आई म्हणाली, “राहू दे वं. उद्या माह्या मातीले तेच येतीन.”

“तुझ्या मातीला चार माणसं यावीत म्हणून तू जिवंतपणी घर सोडणार?” मी म्हणाले.

विजेचं मीटर आमच्या नावावर होतं. घर विकेपर्यंत वीज तोडावी, असा अर्ज मी माझ्या हातानं लिहून दिला. भर मे महिन्यात लाइनमन आला. मी समोर उभी राहिले. कूलर घरघरत थांबला.

काकू धावत आली. “काहून करून राह्यली वं असं? पोट्ट्याले ऊन लागलं तं?”

“गावातल्या घरी पंखे आहेत की, काकू. वरच्या मजल्यावरही आहेत.”

“लाज नाही वाटत?”

“नाही.”

काकांच्या मुलानं शेजाऱ्याकडून वायर ओढायचा प्रयत्न केला. काकांच्या कापूस भरलेल्या ट्रॅक्टरनं शेजाऱ्याची नाली फोडली होती, त्यानं दारही उघडलं नाही. मे महिन्यातलं मारेगाव, पंखा नाही, कूलर नाही आणि अंगाला लागून तो कापूस. सून आधी गेली, नातवाला घेऊन. मग सगळ्यांच्या अंगावर चट्टे उठले. शेवटी काकांनी मेटॅडोर बोलावला. भाव आला नव्हताच, पण कापूस गेला.

किल्ली घ्यायला मी आईलाही नेलं होतं. काकांनी ती तिच्या पायाशी टाकली. “वहिनी, तुमच्या मातीले आमच्यातला एकबी येनार नाही.” आई वाकत होती. मी तिला थांबवलं आणि काकांना म्हणाले, “उचला.” त्यांनी उचलली नाही. आम्ही तिथंच कुलूपवाल्याला बोलावून कुलूप बदललं.

गृहस्थांनी घर घेतलं. वणीत आता आईच्या नावाचं घर आहे. मी गेले की ती मला ताट वाढते. मध्यंतरी काकांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका सगळ्या भावकीत वाटल्या, आमच्याकडे आली नाही. त्या दिवशी आई जेवली नाही. मी जेवले.