धूर आत गेला कशावरून?

“कशावरून?”

मामांना काहीही सांगा, आधी हा प्रश्न यायचा. दहा वाजले म्हटलं तरी ते खिडकीतून उन्हाकडे बघून खात्री करून घेत. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्याशी बोलताना आपणच खोटं बोलतोय की काय, असं वाटू लागतं.

सत्तरच्या दशकात कासारवाडीला, रेल्वे रुळांच्या अंगाला, एक छोटी खासगी प्रयोगशाळा होती. मी तिथे नवा होतो. मामा पुनावळ्याहून सायकलवर येत आणि पांढऱ्या उंदरांची खोली सांभाळत. वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचे मामा.

सिगारेटच्या धुराचा उंदरांवर काय परिणाम होतो, हे आम्ही पाहत होतो. एक यंत्र सिगारेट ओढायचं आणि काचेच्या नळीत बसवलेल्या उंदराच्या नाकापाशी धूर सोडायचं. उंदरांचे दोन गट होते. सिगारेटी दोघांनाही सारख्याच. पहिल्या गटाला झुरके सावकाश, मध्ये मोकळी हवा. दुसऱ्याला लागोपाठ. पहिला गट माझ्याकडे, दुसरा मामांकडे.

“सिगारेट जळली म्हणजे धूर आत गेला, कशावरून?” मामांनी एकदा विचारलं.

“मामा, तुम्ही उंदरांचं खाणंपिणं बघा,” मी म्हणालो.

मग रक्ताचे अहवाल आले. धुरातला विषारी वायू माझ्या उंदरांच्या रक्तात भरपूर, मामांच्या उंदरांच्या रक्तात जेमतेम. मोठ्या साहेबांनी कागद माझ्यापुढे टाकला. “सिगारेटी सारख्या असतील, तर हे कसं?”

मामा बिडी ओढायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या डोक्यात एकच आलं: सिगारेटी यंत्रात जातच नाहीत. दोन दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवली. ते खोलीचं दार लोटून घ्यायचे, तेव्हा मला ते लपवाछपवीचंच वाटायचं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सहा-सात जणांसमोर, मी विचारलं, “मामा, यंत्राला किती सिगारेटी लावता आणि खिशात किती जातात?”

मामांच्या हातात भाकरीचा घास तसाच राहिला. मग त्यांनी उठून दोन्ही खिसे उलटे केले. बिडीचं बंडल, काडेपेटी, सायकलची किल्ली. “बघा,” ते म्हणाले. मला वाटलं, चोर हुशार आहे.

दुसऱ्या दिवसापासून सिगारेटींच्या कपाटाला मी कुलूप लावू लागलो. आठवडाभर दुसऱ्या गटाचं यंत्रही मीच चालवलं. मामा लांब, भिंतीला टेकून उभे असत. पुन्हा रक्त तपासलं. वायू तितकाच जेमतेम.

मी तो कागद धरून उभा होतो. मामा जवळ आले. “साहेब, यंत्राकडं नगा बघू. उंदराच्या बरगड्या बघा.”

मी यंत्र सुरू केलं आणि पाहिलं. धूर लागोपाठ यायला लागला, की उंदराच्या बरगड्या जवळजवळ थांबत. मध्येच एखादा उथळ श्वास, की पुन्हा थांबत. सावकाश झुरक्यांच्या उंदराचा श्वास मात्र चालू राहायचा आणि हवेबरोबर धूरही आत जायचा.

“दार का लोटून घेत होता?”

“माणसांच्या आवाजानं बी ते श्वास धरत्यात. मग धुरानं धरला का आवाजानं, कसं कळायचं?”

मी त्या खोलीतच, उंदरांच्या पिंजऱ्यांमध्ये उभा राहून, मामांची माफी मागितली.

मामांनी पिंजऱ्याची कडी लावली. “साहेब, आळ चारचौघांत घेतला हुता. माफी एकल्यात मागताय व्हय?”

उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मामा आलेच नाहीत. त्यांनी शेजाऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवली होती: नोकरी सोडत आहे.

तरी जेवणाच्या सुट्टीत मी उभा राहून बोललो. मामांनी एकही सिगारेट घेतली नव्हती, चूक माझी होती. माना हलल्या, डबे पुन्हा उघडले गेले. मोठ्या साहेबांनी अहवालात झुरक्यांमधल्या अंतराबद्दल एक परिच्छेद घातला. नुसत्या सिगारेटी मोजून चालणार नाही, असं त्यात लिहिलं. हे आधी कुणाच्या लक्षात आलं, ते लिहिलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

रविवारी मी पुनावळ्याला गेलो. मामा शेतात भुईमूग खुरपत होते. मी सगळं सांगितलं: सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांनी ऐकलं.

“तवा मी कुठं हुतो?” त्यांनी विचारलं.

त्यांनी मला बांधावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि माझं पिऊन होईपर्यंत शेजारी उभे राहिले. मग रिकामा तांब्या घेऊन, मागे वळून न बघता, पुन्हा ओळीत जाऊन बसले.