आम्ही तिघं आणि कोरियन क्रीम

माझ्याकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. संध्याकाळी कोलकात्यातल्या डमडमच्या फ्लॅटचं कुलूप उघडलं की ते सांगायला आत कुणी नसतं. फोनवर बायकोला सांगायला जावं, तर नेमकी मधेच तिच्या कुकरची शिट्टी होते आणि पंचलाइन वाया जाते! म्हणून आज तुम्ही सापडलात, तर बसा जरा.

मी केळकर. आमची पुण्याची कंपनी कोरियाहून चेहऱ्याची क्रीमं आणि मास्क मागवते आणि मोठ्या रिटेल चेनमधून विकते. म्हणजे विकायचा प्रयत्न करते. कोलकात्यात दोन खोल्यांचं ऑफिस आणि माणसं तीन. मी, कस्टम्सचे कागद सांभाळणारे भौमिकदा, आणि दुकानात काउंटरला उभी राहून गिऱ्हाइकांच्या हाताला क्रीम लावून दाखवणारी शंपा. बायको मेधा आणि मुलगी पुण्यात. मुलीची बारावी झाली की एकत्र राहू, असं ठरलं होतं. आता ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे!

*

बाहेरून आलेल्या मालावर इथे स्टिकर लावावा लागतो. कुणी आणला, किंमत काय, तक्रार असेल तर फोन कुठे करायचा. तक्रारी ऐकायला माणूसच नव्हता. पुण्याचे साहेब म्हणाले, "सध्या तुझाच मोबाइल नंबर टाक." त्या 'सध्या'ला दोन वर्षं झाली.

पहिली तक्रार आली ती मास्कची. हा ओला, कापडासारखा मास्क चेहऱ्यावर चिकटवून पडून राहायचं असतं. बाई हिंदीत तावातावाने म्हणाल्या, "माल फाटका आहे! आत पाणी गेलंय आणि तीन ठिकाणी भोकं पडलीत!"

"दोन डोळ्यांसाठी आहेत मॅडम, आणि एक तोंडासाठी."

"आणि नाकाचं काय?"

"नाकाला चीर दिलेली आहे."

"म्हणजे चार ठिकाणी फाटलाय!"

*

कोलकात्याजवळच्या बजबजच्या एक मासीमा, म्हणजे मावशी, मात्र तक्रार करत नसत. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्याच. दुपारी फोन करून शंका विचारत. क्रीम आंघोळीआधी लावू की नंतर? पंखा बंद करून लावू का?

एकदा म्हणाल्या, "आज काही शंका नाही. जेवलात का तुम्ही?"

अडीच वाजले होते, डबा तसाच होता. "नाही," म्हणालो. तुम्ही हसाल, पण त्या आठवड्यात मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मग जेवा. मी फोन ठेवत नाही," मासीमा म्हणाल्या. मी पोळीभाजी खाल्ली आणि त्या पलीकडे गप्प बसून राहिल्या.

भौमिकदा तक्रारींचं रजिस्टर घेऊन तयारच! "काय लिहू?"

"लिहा, समाधान झालं."

"कुणाचं?" भौमिकदांनी विचारलं.

*

इथल्या एका मोठ्या चेनमध्ये माल कुणाचा ठेवायचा हे ठरवणार मिसेस दत्त. त्यांच्या केबिनबाहेर मी साडेतीन तास बसलो होतो. एका बाजूला फरशी पुसायचे मॉप विकणारा, दुसऱ्या बाजूला नूडल्सवाला. तिघांनी एकमेकांना आपापला माल किती उत्तम आहे ते सांगून झालं.

आत गेल्यावर मिसेस दत्तनी आमचं क्रीम एका हाताला चोळलं आणि फोनवर बोलत बसल्या. फोन ठेवून दोन्ही हातांकडे बघत म्हणाल्या, "उजवा हात जास्त मऊ लागतोय. तुमचं क्रीम कुठल्या हाताला लावलं होतं?"

"उजव्या!" मी छातीठोकपणे सांगितलं.

"मला आठवतंय. डाव्या," त्या म्हणाल्या.

मी उठायलाच लागलो होतो. पण त्या हसल्या. "बसा. चार दुकानं देते, तीन महिने. खपलं तर बाकीच्या सगळ्या दुकानांत ठेवू. नाही खपलं तर माल परत न्यायचा."

*

पुण्याच्या साहेबांनी त्याच दिवशी फोन करून स्पष्ट केलं, की ही ट्रायल फसली तर कोलकाता ऑफिस बंद. मला पुण्याला परत घेणार होते. भौमिकदा आणि शंपाला मात्र घरी बसावं लागणार होतं. भौमिकदांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं बाकी होती. मी दोघांनाही सगळं सांगून टाकलं. भौमिकदा नुसते "बरं" म्हणाले आणि मला चहा करून दिला.

मेधाला सांगितलं तर ती म्हणाली, "अय्या, म्हणजे नापास झालास तर घरी!" मागून मुलगी ओरडली, "बाबा, तू नापास हो ना, प्लीज!"

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं.

*

ट्रायलच्या काळात एक सद्गृहस्थ रोज ऑफिसला जाताना शंपाच्या काउंटरवर यायचे. टेस्टरमधलं क्रीम तोंडभर फासायचे आणि निघून जायचे. विकत कधी काही घेतलं नाही. मी म्हटलं, "शंपा, त्यांना हाकलून दे."

"अजिबात नाही, दादा! त्यांचा चेहरा किती तुकतुकीत झालाय! मी त्यांना सांगितलंय, सकाळी गर्दी नसते, संध्याकाळी सहाला येत जा म्हणून."

आणि ते यायला लागले!

*

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा रविवार. मी लाँचने नदी ओलांडून हावड्याच्या दुकानात गेलो, कारण तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. लाँचमध्ये असताना मुलीचा फोन आला. "बाबा, झालास का नापास?" "बघू," मी म्हणालो.

दुकानात शिरलो तर आमच्या शेल्फवर पाचच डब्या! शुक्रवारी शंपाने चौदा सांगितल्या होत्या. नऊ डब्या दोन दिवसांत! इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. उरलेल्या पाचही मी बास्केटमध्ये टाकल्या आणि रांगेत उभा राहिलो.

पुढे टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी काउंटरवर एकेक डबी काढून ठेवली. नऊ होत्या.

मी खाकरलो. ते वळले, तर भौमिकदा!

  त्यांनी चष्मा वर करून माझ्या बास्केटमध्ये पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"केळकरबाबू," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला तर घरी जायचं होतं ना?"

"नेक्स्ट!" काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी बास्केट पुढे केली.