न्यूयॉर्कची चढण

माझी मुलगी मुंबईहून न्यूयॉर्कला निघाली, त्या दिवशी आयुष्यभर दुधाचा टेम्पो चालवलेले माझे मामा सकाळीच आमच्या कोल्हापुरातल्या घरी येऊन बसले. तिचं विमान सरळ न जाता नकाशात वर वर चढत चाललेलं त्यांना माझ्या मोबाईलवर दिसलं.

"ड्रायव्हरनं रस्ता सोडलाय की! वळखीच्या हाटेलात फुकट जेवायला चाललाय गडी."

माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरातून नारळ आणला, त्यावर दोरा ताणला आणि गोल पृथ्वीवर जवळची वाट अशीच वाकडी दिसते, हे घसा फोडून समजावलं. मामांनी नारळ कानाशी हलवून बघितला.

"पाणी हाय," म्हणाले. "पण गगनबावड्याचा घाट चढताना टेम्पोला लागायचा, तसा येळ लागणार बघ. किती तास?"

"सोळा."

"आन् येताना?"

येताना वारा पाठीशी असतो म्हणून वेळ कमी लागतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण वारा राहिला बाजूला, तोंडातून आधी आकडाच निसटला.

"चौदा."

मामांनी मांडीवर थाप मारली. "उतार हाय की मग!"