टोबी क्रेनची करंगळी

अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनच्या मराठी ग्रुपमध्ये शरदकाकांचा विषय निघाला की जेवण गार होतं. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरी "ए, हे काहीच नाही!" म्हणत सरसावते. ती दुसरी बहुतेक वेळा मीच असते. काका मूळ नागपूरचे, वय सदुसष्ट, आता मुलीकडे, नेहाकडे, कायमचे राहायला आलेले.

आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे टोबी क्रेन. बेसबॉल नुकताच पोटाचा धंदा झाला, तेव्हाचा कॅचर, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपरच. हातमोजे आले, सगळ्यांनी घातले, यानं नाही! करंगळी मोडून बाहेर वळली, तरी नाही. आमच्या घरांमागच्या मैदानावर त्याच्या नावाचा दगड आहे. आम्ही अजून त्यालाच टेकून चहा पितो.

* * *

त्या मैदानावर एक क्लब जुन्या नियमांनी, हातमोज्यांशिवाय खेळतो. काका नुसते बघायला गेले होते. एक उंच बॉल आला, लोक बाजूला पळाले. काकांनी डाव्या हातातला चहा न सांडता उजव्या हातानं कॅच घेतला!

कॅप्टननं विचारलं, "सर, कुठे शिकलात?"

"गल्लीत!"

लगेच टीममध्ये घेतलं.

* * *

पहिल्याच मॅचला काकांनी बॉल हाणला आणि बॅट घेऊनच पळाले. बेसवर बॅट टेकवली, मागे वळले आणि दुसऱ्या रनसाठी परत सुटले!

अंपायर ओरडला, "बॅट टाका!"

"का? मी आउट झालो का?"

* * *

नेहानं हातमोजा आणला. "बाबा, प्लीज यार!"

"टोबीनं घातला होता का?"

पुढच्याच मॅचला उजवी करंगळी मोडली. डॉक्टरांनी पट्टी बांधली, ती काकांनी आठव्या दिवशी काढून फेकली. बोट वाकडंच जुळलं. नेहा रडली, आणि खरं सांगते, मलाही काकांचा भयंकर राग आला होता.

* * *

मग नगरपालिकेची नोटीस आली. मैदानाच्या जागी पार्किंग करणार, टोबीचा दगड गोदामात! माझं डोकंच फिरलं. काका मात्र शांत. नेहाच्या घरच्या सत्यनारायणाला प्रसादाच्या टेबलाशी कागद घेऊन उभे राहिले.

"आधी सही, मग शिरा!"

एकही माणूस सुटला नाही.

* * *

सुनावणीला आम्ही सगळे ऑफिसातून सुट्टी काढून गेलो. अध्यक्षबाई गोड हसून म्हणाल्या, "सह्या छान आहेत. पण स्मारकावर हरकत फक्त घरच्यांना घेता येते. मिस्टर क्रेनना मूलबाळ नव्हतं. कुणी नातेवाईक आहे का इथे?"

काका उठले.

"आहे की!"

"तुम्ही?"

काकांनी टोबीचा जुना फोटो बाईंच्या टेबलावर ठेवला. छातीशी धरलेले उघडे हात, बाहेर वळलेली उजवी करंगळी. शेजारी स्वतःचा उजवा हात पसरला.

"चेहरा राहू द्या, मॅडम. बोट बघा!"