डावीकडचा टक

दारात बाई उभी राहिली की बिसेनकाकू आधी तिचे खांदे बघायच्या, तोंड नंतर. चष्मा नाकावर सरकवून वरून खाली एक नजर टाकायच्या आणि आम्हा मुलींना हुकूम सोडायच्या, "हिले शेवंता काढ."

शेवंता म्हणजे फर्मा. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून कापलेले ते फर्मे भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले असत आणि जिच्यासाठी पहिल्यांदा कापला तिचंच नाव त्याला कायमचं लागे. रुंद खांद्यांची शेवंता, उतरत्या खांद्यांची मास्तरीण, पोट सुटलेली सरपंचीण. खुद्द सरपंचीणबाईंना हे ठाऊक नव्हतं, नशीब आमचं! तिरोड्याला तेव्हा वीजप्रकल्प यायचा होता, रेडिमेडची दुकानं मोजकी होती. अर्धं गाव काकूंच्या खिळ्यांवर लटकलेलं होतं म्हणा ना.

बारावीत आपटले तेव्हा आईनं मला त्यांच्या शिवणक्लासात नेऊन बसवलं. घरी माशा मारण्यापेक्षा काज-बटण तरी शिकेल, असा तिचा हिशेब. काकू भारी फटकळ. मी कापडावर खडूनं रेघा ओढत रेंगाळले की ओरडायच्या, "काऊन व, कैची हातात धरून देवाले आठवून राहिली का? काप!" बेतताना जो डगमगला त्याचं कापड गेलं, हे त्यांचं ठाम मत होतं. स्वतः बोलता बोलता कापायच्या. त्यांची कात्री मध्येच थांबलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर, एका दुपारी मुली गेल्या आणि त्यांनी मला थांबवलं. निळ्या बारीक फुलांचं सुती कापड माझ्यापुढे टाकलं.

"माह्यासाठी शिवाचा हाय. शर्टासारखा, समोरून पुरा उघडणारा. गुडघ्याच्या खाली येईल असा."

जन्मभर साडीत वावरलेली बाई! मला हसू फुटलं. "काकू, या वयात फॅशन सुचली का?"

त्या हसल्या नाहीत. "फर्मा काढ," एवढंच म्हणाल्या.

शेवंता काढली. खांदा मोठा झाला. मास्तरीण काढली, तर गळा आवळतो. कॉलर उभी की पडती, बाही कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, खिसा हवा की नको, काही म्हणता काही ठरेना. कागद अंगाला लावून आरशापुढे उभ्या राहायच्या आणि "हा नाई" म्हणून परत खिळ्याला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोळा गेला, दसरा गेला, कापडाची घडी तशीच. मी विचारलं तर म्हणायच्या, "मंडई जवळ आली, गिऱ्हाइकाचे कपडे होऊ दे आधी." आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तिच्यासाठी नवे कपडे हवेतच. पण मंडईचे कपडे शिवतानाही काकूंचं लक्ष नसायचं. डावा हात छातीशी धरून बसायच्या. मला आधी राग यायचा. मग मला त्यांच्याकडे बघायचीच भीती वाटू लागली, कशाची ते कळत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर मी वैतागले. म्हटलं, "तुमचाच नवा फर्मा कापू. एवढं गाव टांगलंय, बिसेनकाकू तेवढ्या नाहीत." आणि टक, म्हणजे छातीच्या उभारासाठीची चूण, कुठं येईल ते ठरवायला टेप घेऊन छातीचं माप घ्यायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"डावीकडं टक नको टाकू."

"असं कसं? एकाच बाजूला टक टाकला तर अंगावर बसेल का तो?"

"डावीकडं काई राहणारच नाई, तं टक कायले पाहिजे?"

मग त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यातच छातीत गाठ हाताला लागली होती. गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ताबडतोब नागपूरला जा, ऑपरेशन करून काढावं लागेल. नंतर हात वर होणार नाही, समोरून बटणं असलेलं काहीतरी शिवून ठेवा, असं तिथल्या सिस्टरनं समजावलं होतं. घरात मुलाला, सुनेला, कोणालाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

"गाऊन झाला का जाईन, असं ठरवलं मी. अन् मीच गाऊन होऊ देऊन नाई राहिली." त्या खाली बसल्या. "भेव लागते व मले. लई भेव लागते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "मी दोन्हीकडे टक टाकते काकू. डॉक्टरही चुकतात."

तशा उसळल्या. "अंगाचं जे माप हाय ते शिवाचं! मनातल्या मापाचा कपडा अंगाले बसत नाई."

मी तिथंच सतरंजीवर कापड पसरलं आणि कापलं. काकू डोळे मिटून भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंधार पडायच्या आत शेवटचं बटण लावून मी गाऊन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सुनेला हाक मारली. काकूंनी मला अडवलं नाही.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. उशीर झालाय, काखेपर्यंत पसरलंय, असं डॉक्टर मुलाला म्हणाले. काकू त्याच गाऊनमध्ये परत आल्या आणि क्लासात येऊन बसल्या. मुली त्यांच्याकडे बघायच्या नाहीत. आपसात कुजबुजायच्या. एक दिवस काकूंनी दाराला कडी घातली आणि समोरची बटणं काढायला घेतली. एका मुलीनं तोंडावर ओढणी घेतली.

"नीट पाहा. मेली नाई मी. याले भेऊ नका. मी दिवाळीवरी फर्मे पाहत बसली ना, त्या दिवसाईले भ्या."

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं आईला सांगितलं. आईचा भात वाढणारा हात थांबला.

"दुखत होती का म्हणे त्याहिची गाठ?"

"नाही. काकू म्हणाल्या, अजिबात दुखत नव्हती."

आईनं भातवाढी खाली ठेवली. "माहीबी नाई दुखत," ती म्हणाली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही नागपूरला निघालो. काकू पुढच्या रोवणीआधीच गेल्या. आई आहे.