वऱ्हाडीच्या ग्रंथात 'मले' राहीन

देवकावहिनी माझी मोठी भावजय. भाऊ वारला तवा सगळे माह्या मागं लागले, "भैय्याजी, तिले म्हणा, प्रेस विकून टाक." मी काऊन म्हणू? पुलगावात किराण्याची अन् लोखंडाची दुकानं ढिगानं. प्राध्यापकांचे ग्रंथ छापणारं प्रकाशन एकच, अन् तेही आमच्या घरात! वहिनी एम.ए. झालेली. तिनं ते भावापेक्षा बरं चालवलं.

एक खोड मात्र होती. आलेलं हस्तलिखित 'शुद्ध' करूनच छापायचं. सत्त्याण्णव साली नाचणगावच्या बापूराव मास्तरांनी वऱ्हाडी बोलीवरचा ग्रंथ आणला. बायामाणसं वावरात जसं बोलतात तसंच त्यांनी लिहून घेतलं होतं. आमच्या मुद्रितशोधकानं झाडून सगळं शुद्ध केलं. 'मले'चं 'मला', 'काऊन'चं 'का'. बाप्पा! वऱ्हाडी बोलीचा ग्रंथ, अन् त्यात वऱ्हाडी औषधालेही नाई! मास्तरांनी पानामागून पान उलटून पाह्यलं, 'मले' एकही सापडलं नाई. पण बोलता काय? दुसरा प्रकाशक होता कुठं?

दोन हजार सहात मास्तर कॉम्प्युटर शिकले अन् त्यांनी तोच ग्रंथ इंटरनेटवर टाकला. 'मले'सकट, फुकट. नागपूरपासून अमेरिकेपर्यंतची वऱ्हाडी माणसं तो वाचून राह्यली होती. दुसरा खंडही तयार होता, अन् मास्तरांनी आमाले विचारलंही नाई.

वहिनी भडकली. "आमाले वगळून?"

"आधी तुमीच तं त्यायची भाषा वगळली," मी तोंडावर बोललो. दोन दिवस माह्यावर फणफणली. मंग म्हणे, "चला नाचणगावले."

मास्तरांनी सरळ विचारलं, "बाई, मले आता प्रकाशक कायले पाह्यजे?"

"इंटरनेटवर राहू द्या, मास्तर. त्याले आमी हात लावणार नाई. पण तिथं तुमच्या चुका कोण काढीन? दोन जाणकारायकडून तपासून घेऊ, शब्दसूची करू, पक्क्या बांधणीत छापू. तुमाले विचारल्याबिगर कानामात्रा बदलणार नाई."

"अन् ग्रंथालयवाल्यायनं 'मला' करून मांगितलं तं?"

"त्यायले मी पाहून घेईन."

ती वेळ लवकरच आली. आमचं प्रकाशन जगे ते कॉलेजांच्या ग्रंथखरेदीवर. वर्ध्याले त्यायच्या खरेदी समितीपुढं दुसऱ्या खंडाचा कच्चा छापा ठेवला. समितीचे सर म्हणाले, "ग्रंथ उत्तम आहे, बाई. फक्त भाषा अशुद्ध आहे. हे मले-तुले काढा, सगळ्या कॉलेजांसाठी घेतो."

मी वहिनीले कोपरानं खुणावलं. ऑर्डर गेली तं प्रेसले कुलूप लागीन, हे तिलेही ठाऊक होतं.

"सर, तुमचं गाव कोणतं?" वहिनीनं विचारलं.

"हिंगणी."

"आई आहे?"

"आहे ना."

"तिले जेवाले मांगता तवा 'मला वाढ' म्हणता?"

सर छाप्याची पानं उलटाले लागले.

"मंग आई अशुद्ध बोलते असं तिले आधी घरी जाऊन सांगा. ती 'हो' म्हणाली की मी 'मले' काढीन."

ऑर्डर तिथंच गेली. जिना उतरता उतरता वहिनी म्हणाली, "छपाईले घ्या. मास्तरांच्या इंटरनेटवरच्या पानावर आपला पत्ता टाकाले सांगा. ज्याले पाह्यजे तो मागवीन."

मी चिडलो. "अन् कोणीच नाई मागवलं तं?"

"तं घरी बसून आपण वाचू, भैय्याजी. पण 'मले'च वाचू."