महादेवाच्या पाण्याचा नेम

हे माझ्या लेकींना माहीत नाही. ह्यांना माहीत होतं, पण आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही — ते अंथरुणाला खिळले तेव्हाही नाही. आज तुम्हाला सांगतेय. का सांगतेय, ते विचारू नका.

उंद्रीच्या अलीकडचं आमचं गाव. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. हे गावच्या सोसायटीच्या गोडाऊनवर कामाला होते. तिथे कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे यायचे. एका साली बरेच डबे गंजून गळायला लागले. ते परत पाठवायचे होते, पण गाडी मिळेना आणि वरून साहेबाची घाई. ह्यांनी कागदावर ‘पाठवले’ म्हणून सही केली आणि गोडाऊनमागे खड्डा करून सगळे पुरले. आमच्या आळीची विहीर तिथून हाकेच्या अंतराहूनही जवळ.

पावसाळा सरता सरता एका सकाळी त्या विहिरीत बेडूक उताणे तरंगत होते. कोणी यायच्या आत ह्यांनी ते काढून फेकले. घरी येऊन म्हणाले, “त्या विहिरीचं पाणी घरात आणू नको, उकळून बी नाही. अन् कोणाले बोलू नको, मी जेलात जाईन.”

आता सांगा — दारची विहीर सोडून एखादी बाई रोज मैलभर पाण्याला गेली, तर आळी गप्प बसेल? म्हणून मी नेम काढला. गावाबाहेर महादेवाच्या देवळापाशी झरा होता. पिणं-रांधणं त्याच पाण्यावर करीन असं देवाला बोलले आहे, असं सांगत सुटले. देवाला मी काही बोलले नव्हते. बायका मला पाहून हात जोडायच्या, आणि मी मान खाली घालून पुढे जायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण मार मला नव्हताच — हेही खोटंच की.

एवढंच असतं तर मी हे सांगायला बसले नसते.

शेजारी कौसल्या राहायची, भिंतीला भिंत लागून. तिचा नामदेव तीन वर्षांचा. त्याला आधी ओकाऱ्या झाल्या, मग झटके यायला लागले. कौसल्या पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, तुरटी फिरवायची, उकळून थंड करून पाजायची — डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. मी तिच्या चुलीपाशी बसून ते बघायची. ते औषध उकळून जात नाही, हे मला ठाऊक होतं.

एका सकाळी मी निघाले तर ती दारात उभी, कमरेवर घागर.

“मी बी येऊ का बाई तुमच्यासंगं? तुमच्या घरी कोणालेच काही होत नाही. मी बी नेम धरतो.”

ती आली असती तर तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. ओस पडलेली विहीर बघून कोणीतरी विचारलंच असतं — काऊन? हे सगळं माझ्या डोक्यात तिथल्या तिथे आलं. आणि मी म्हणाले, “एका आळीत नेम एकीचाच चालतो. दुसरीनं धरला तर दोघींचा मोडतो.”

असा काही नियम नाही. मी तो उभ्या उभ्या रचला. कौसल्याने घागर खाली ठेवली, वर माझीच माफी मागितली.

एक तांब्या तरी पोरासाठी द्यायचा? सुचलं होतं. नंतर नाही, त्याच दिवशी सुचलं होतं. दिला नाही.

दिवाळीच्या आत नामदेव गेला. पुढच्या महिन्यात ह्यांनी विहिरीत कुत्रं मरून कुजलं अशी आवई उठवली, आणि अख्ख्या आळीने ते पाणी सोडलं. कोणी एक प्रश्न विचारला नाही. इतकं सोपं होतं ते.

नंतर एकदा कौसल्या माझ्या ओसरीवर येऊन बसली. मग म्हणाली, “तुमचं पुण्य मोठं, बाई. माह्यंच कमी पडलं.”

तीस वर्षं, मरेपर्यंत, तिने हेच खरं मानलं. कारण त्या दिवशी मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मान डोलावून म्हटलं, “हाव.”